‘मनी माय’ आणि तांबडी शाई

मंडळी, पिंप्राळ्याला बोलावलंत आणि विषय दिलात, ‘कॉलेजची मुलं लिहायला कशी लागतात?’ मी तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणजे आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या. उत्तरपत्रिकेत मुलगा ज्याच्यासाठी लिहितो, त्याला उत्तर आधीच माहीत असतं. मग सांगण्यासारखं उरतं काय?

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. तिथल्या वसतिगृहात ते मुलांसाठी स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ नावाचं दैनिक लिहून काढायचे. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. हस्तलिखित दैनिकाचे वाचक किती? वसतिगृहातली मुलं. पण लिहिणारा आणि वाचणारा एकाच छपराखाली होते. लिहिणं म्हणजे परीक्षा नव्हे, आपल्या माणसाशी बोलणं, हे त्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलं.

पुढे १९४५ साली जळगावला मूळजी जेठा आणि अमळनेरला प्रताप कॉलेज निघालं. शेतकऱ्यांची पोरं कॉलेजात आली, येताना घरची बोली घेऊन आली. तिचं काय करायचं, हे आम्हा प्राध्यापकांना कळलं नाही. १९६३ साली सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली. लेखकाचं वय पंचवीस. खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर त्यात स्वतःच्या तोंडाने बोलतो. कॉलेजच्या पोराचं बोलणं हेच साहित्य होऊ शकतं, हे तिथे दिसलं.

मी ‘कोसला’ वाचली होती. तरीही चूक केलीच. एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, ‘मनी माय’. मी तांबड्या शाईने खोडून वर लिहिलं, ‘माझी आई’. व्याकरण सुधारलं. पुढचे त्याचे निबंध शुद्ध होते, अगदी गाइडसारखे. त्यातली माय मात्र परत आली नाही. आजही ते मला टोचतं.

आणि गंमत बघा. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी उतरवून घेतली, म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तक आलं. शिकलेल्या पोराची लेखणी घरच्या बोलीकडे वळली, एवढंच घडलं! आज आपल्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. त्याच विद्यापीठाच्या पेपरात पोराने घरचा शब्द लिहिला, तर आपण काय करणार?

प्रमाण मराठी शिकवू नका, असं मी म्हणत नाही. नोकरीचा अर्ज तिच्यातच लिहायचा आहे. पण एक वही अशी असू द्या, जिला गुण नाहीत. तिच्यात खोडायचं नाही, फक्त वाचायचं आणि खाली विचारायचं, ‘मग पुढे काय झालं?’

समोर बसलेल्या शिक्षकांनी एवढं केलं, तर माझं येणं कामी लागलं. थांबतो.