थांबायचं कुठे? : ऱ्हो प्रथिनाची गोष्ट

मंडळी, मागच्या वेळी आपण जनुकाचं प्रतिलेखन सुरू कसं होतं ते पाहिलं. आरएनए पॉलिमरेज डीएनएवर बसतं आणि त्यावरून आरएनएची प्रत काढू लागतं. आज प्रश्न उलटा आहे. हे यंत्र थांबतं कुठे, आणि त्याला थांबवतं कोण? सुरुवातीचं कौतुक सगळ्यांनाच असतं. शेवटाकडे संशोधकांचंही लक्ष जरा उशिराच गेलं.

1969 साल. हार्वर्डमध्ये जेफ्री रॉबर्ट्स नावाचा तरुण संशोधक लॅम्डा या विषाणूवर काम करत होता. हा विषाणू ई. कोलाय जिवाणूत शिरतो. पेशीच्या आत त्याच्या सुरुवातीच्या जनुकांची प्रत ठरावीक जागी संपते. पण परीक्षानळीत शुद्ध पॉलिमरेज आणि लॅम्डाचा डीएनए एकत्र केला, की यंत्र त्या जागा ओलांडून पुढे जायचं आणि लांबच लांब आरएनए बनायचे. म्हणजे शुद्धीकरण करताना काहीतरी गळून गेलं होतं. ते काय, हे रॉबर्ट्सने जिवाणूच्या अर्कातच शोधलं. एक प्रथिन सापडलं. ते घातलं की आरएनए पुन्हा ठरावीक, आखूड लांबीचे येऊ लागले. त्याला नाव मिळालं 'ऱ्हो'. त्याच वर्षी प्रतिलेखनाची सुरुवात ठरवणारा 'सिग्मा'ही जाहीर झाला होता, तेव्हा ग्रीक अक्षरांची चलती होती म्हणा ना!

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. सगळ्याच थांब्यांना ऱ्हो लागत नाही. काही जागी डीएनएच्या क्रमातच सोय असते: जी आणि सी भरपूर असलेला तुकडा, आणि लगेच पुढे आरएनएत ओळीने यू. जी-सीचा भाग स्वतःवरच दुमडून हेअरपिनसारखा आकार घेतो, यंत्र अडखळतं, आणि यूची पकड मुळातच कच्ची असल्याने आरएनए सुटून येतो. बाकीच्या जागी ऱ्हो हवा. तिथे असा ठळक क्रम दिसत नाही. आरएनएवर सी जास्त आणि जी कमी असलेला मोकळा पट्टा असतो, एवढंच.

'मोकळा' हा शब्द महत्त्वाचा, कारण त्यातून एक जुनं कोडं सुटलं. 1960च्या दशकात लॅक ओपेरॉनवर काम करणाऱ्यांना दिसत होतं, की पहिल्या जनुकात मध्येच 'थांबा' असा चुकीचा संकेत आला, तर पुढची धडधाकट जनुकंही गप्प होतात. का बरं? त्यांच्यात तर काहीच बिघाड नाही! एसयूए नावाचं एक उत्परिवर्तन असलं की मात्र ती पुन्हा बोलू लागायची. 1975 मध्ये जॉन रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या उत्परिवर्तनात बिघडतो तो ऱ्होच. एरवी रायबोसोम आरएनएवर दाटीने चालत असतात, ऱ्होला जागा मिळत नाही. रायबोसोम वाटेत उतरले की आरएनए उघडा पडतो, ऱ्हो त्यावर चढतो आणि पुढचं काम बंद पाडतो. ज्या आरएनएचं प्रथिन होणार नाही, तो लिहीत बसायचा कशाला? आम्हाला विचाराल तर या सगळ्या कथेतला हा सर्वांत सुंदर भाग.

ऱ्हो हे सहा सारख्या घटकांचं कडं आहे. एटीपी खर्चून ते आरएनए ओढत पॉलिमरेजचा पाठलाग करतं आणि गाठून प्रत सोडवतं, असं चित्र पाठ्यपुस्तकांत बसलं. 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या एव्हगेनी नुडलर यांच्या गटाने त्याला धक्का दिला: पाठलाग कसला, ऱ्हो तर आधीपासूनच यंत्राला चिकटून प्रवास करतो! 2021 मध्ये दोन गटांनी क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तशा रचना दाखवल्या. त्यातल्या एका कामात हैदराबादच्या रंजन सेन यांचाही सहभाग होता. जुनं चित्र गेलं असंच वाटलं. पण 2023 मध्ये रटगर्सच्या रिचर्ड एब्राइट यांच्या गटाची रचना आली. तीत ऱ्हो यंत्राच्या मागे आहे आणि आरएनए थेट कड्याच्या भोकातून ओवलेला आहे, म्हणजे जुन्या ओढाताणीच्या चित्राशी जुळणारा. 2021च्या रचनांमध्ये असा ओवलेला आरएनए नव्हता. मग त्या खऱ्या थांब्याच्या वाटेवरच्या पायऱ्या, की बाजूला अडकलेल्या अवस्था? वाद तिथे आहे.