कार्ड कुठलं घेऊ?

घरच्या सिम्युलेटरसाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना मी आधी इतिहास बघतो. १९७९-८०च्या सुमारास ब्रूस आर्टविक यांच्या ॲपल टू वरच्या सिम्युलेटरमध्ये जमीन म्हणजे नुसत्या रेघा. त्याही प्रोसेसरच आखायचा. १९८२ साली आयबीएम पीसीसाठी मायक्रोसॉफ्टची आवृत्ती आली, तरी हिशोब प्रोसेसरचाच आणि कार्ड फक्त चित्र दाखवणारं. १९९६च्या व्हूडू कार्डानंतर त्रिमितीचं ओझं कार्डाकडे जाऊ लागलं, पण सगळं नाही. २००६च्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’चा बराचसा भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर होता. हे न बघता मी महिन्याचा पगार कार्डात घातला आणि जुनाच प्रोसेसर ठेवला. गजबजलेल्या विमानतळावर चित्र अडखळतच राहिलं. चूक माझीच. आता आधी प्रोसेसर, मग मॉनिटरचं रेझोल्यूशन आणि शेवटी कार्ड.