टायराच्या पोटातील सूत

बैलगाडीच्या चाकाला जी लोखंडी पट्टी बसवितात तिला आपण धाव म्हणतो. लोहार ती भट्टीत लाल करतो, चाकावर चढवितो आणि वरून पाणी ओततो. लोखंड आकसते, आणि तुंबा, आरे व लाकडी घेर एकमेकांस असे आवळले जातात की मग ते चाक वर्षानुवर्षे हलत नाही. शब्द मोठा चांगला आहे: जी धावते ती धाव. मोटारीच्या चाकावर हीच धाव रबराची झाली आणि तिला टायर हे इंग्रजी नाव मिळाले. परंतु ती रबराची झाली हे म्हणणे अर्धेच खरे आहे. रबर रस्त्याला धरून ठेवते व हवा कोंडून ठेवते. भार आणि वेग जे काही सोसते ते रबराच्या आत दडलेले सूत. ते सूत कोणाच्याही दृष्टीस पडत नाही, म्हणून त्याचा इतिहासही कोणी सांगत नाही. त्या इतिहासातले एक प्रकरण मात्र आपल्या अगदी शेजारी, उल्हास नदीच्या काठी घडले आहे, आणि म्हणूनच आज हा विषय निवडला.

रॉबर्ट थॉमसन ह्या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली हवेच्या धावेचा पेटंट घेतला होता. त्यावर चामड्याचे वेष्टन होते. कल्पना काळाच्या फार पुढे होती, ती विसरली गेली. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथे डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी रबरी नळीवर कापड गुंडाळून हवेचे चाक केले. दुसऱ्याच वर्षी विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने त्या चाकांवर शर्यती जिंकल्या, आणि ज्यांनी त्या फुगीर चाकांची टिंगल केली होती तेच ती विकत घेऊ लागले. येथपर्यंतची कथा पुष्कळांस ठाऊक असते. पण हे कापड साधे विणलेले होते, म्हणजे त्यात ताणा होता आणि बाणाही होता. चाक फिरे तसतसे उभे व आडवे धागे एकमेकांवर घासत, करवतीसारखे एकमेकांस कापीत. अमेरिकेतील पामर ह्याने १८९० नंतरच्या दशकात ह्यावर उपाय काढला तो असा: बाणा जवळजवळ काढूनच टाकावयाचा, दोरे नुसते शेजारी शेजारी लावून रबरात बुडवावयाचे आणि असे पदर एकमेकांवर तिरपे चढवावयाचे. घासणे थांबले. पुढे मोटारीचे टायर ह्याच पद्धतीने बनू लागले व त्यांतील दोरा कापसाचा असे.

येथे थोडे गणित केले पाहिजे. शिक्षकाची सवय आहे, श्रोत्यांनी क्षमा करावी. साधारण मोटारीच्या चाकाचा घेर पावणेदोन ते दोन मीटर असतो. गाडी ताशी १०० किलोमीटर धावू लागली म्हणजे ते चाक मिनिटाला सुमारे ९०० वेळा फिरते. टायराचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो आणि वर गेला की पुन्हा ताणला जातो. म्हणजे प्रत्येक दोरा मिनिटाला ९०० वेळा, सेकंदाला पंधरा वेळा, वाकतो आणि सरळ होतो. तार एकाच जागी वाकवून पाहिली तर ती गरम होते, तसा टायरही आतून तापतो. हवा कमी असेल तर तो अधिक दबतो आणि अधिक तापतो. कापसाचा दोरा ह्या उष्णतेत दुबळा होई. लांब पल्ल्याच्या जड ट्रकांचे टायर फुटत ते रबर झिजल्यामुळे नव्हे. आतला दोरा भाजून निकामी होई आणि बाहेरून काही दिसतही नसे. १९३५ मध्ये सर माल्कम कॅम्बेल ह्याने अमेरिकेतील मिठागराच्या मैदानावर ताशी ३०० मैलांच्या वर मोटार हाकली. अशा विक्रमाच्या टायरांवर रबराचा थर मुद्दाम अगदी पातळ ठेवीत, कारण जाड रबर तापते आणि त्या वेगात फेकले जाते. वेगाचा मित्र जाड रबर नव्हे, ही गोष्ट गाडीवानांना तेव्हापासून कळत आली आहे, आणि तरीही दुकानात जाऊन टायर बोटाने दाबून ‘चांगला जाड आहे’ म्हणणारे गिऱ्हाईक अजून भेटते.

कापसाची जागा घेतली ती रेयॉनने, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कृत्रिम सुताने. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत असे दिसून आले की रेयॉनचा दोरा तापला तरी कापसाइतका खचत नाही. लगेच महायुद्ध आले. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मलायाचे रबर शत्रूच्या हाती गेले, आणि हिंदुस्थानातही टायरांवर नियंत्रणे आली. त्याच युद्धात कल्याणजवळ लष्कराच्या मोठ्या छावण्या उभ्या राहिल्या. युद्ध संपले, छावण्या रिकाम्या झाल्या, आणि फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना त्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसली व नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी अजून ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच पत्ते असतात.

ह्याच उल्हासनगराच्या एका टोकाला, शहाड स्थानकापाशी, १९५६ मध्ये सेंच्युरी रेयॉनचा कारखाना सुरू झाला. जागा अशी का निवडली असावी हे समजणे कठीण नाही. रेयॉनला पाणी अमाप लागते, ते नदीत होते. रेल्वे दाराशी होती. मुंबईच्या गिरण्या जवळ होत्या. आणि घरदार गमावून आलेली, कामाला वाघ असलेली माणसे समोर होती. आधी कापडाचे सूत निघाले, मग १९६० नंतरच्या दशकात टायराचे सूत. नदीपलीकडे मोहने येथे नॅशनल रेयॉनचा कारखाना त्याहून जुना, तो २००९ मध्ये बंद पडला व त्याच्या कामगारांची देणी हा अनेक वर्षे वादाचा विषय झाला.

रेयॉन कसे होते ते थोडक्यात सांगतो. लाकडाच्या लगद्याचे तावच्या ताव कॉस्टिक सोड्यात भिजवितात, ते कुसकरून त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करतात. मधासारखा पिवळसर, दाट द्रव होतो. तो चाळणीच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडला की प्रत्येक छिद्रातून एक एक तंतू घट्ट होऊन निघतो. टायरासाठी तो अधिक ताणून, अधिक बळकट करून, पीळ घालून दोरा करतात. शहाडवरून लोकलने जाणाऱ्या उतारूंना एक विशिष्ट उग्र वास परिचित असे. तो ह्या गंधकाच्या संयुगांचा. अंबरनाथच्या शाळेत माझ्या वर्गातील काही मुलांचे वडील ‘रेयॉनमध्ये’ असत, आणि त्या मुलांना तो वास म्हणजे घरी आलेल्या बापाच्या सदऱ्याचा वास वाटे. कार्बन डायसल्फाइड हा पदार्थ विषारी आणि अत्यंत ज्वालाग्राही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्या कारखान्याच्या आवारात टँकरचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. टायराच्या सुताची किंमत मोजताना ही नोंद गाळता येत नाही.

आता गाडी हाकणाऱ्यांचा अनुभव. अंबरनाथचे एक वृद्ध टॅक्सीचालक माझे स्नेही आहेत. त्यांनी फियाट आणि पुढे तिचीच झालेली प्रीमियर पद्मिनी मिळून पस्तीस वर्षे चालविली. तिचा टायर ५.२०-१४ मापाचा, तिरप्या पदरांचा. त्यांचे म्हणणे असे की जुने रेयॉनचे टायर ‘शहाणे’ होते: तापले तरी आकार सोडीत नसत. परंतु त्यांना पाण्याचे भय होते. हे शास्त्रालाही धरून आहे, कारण साधे रेयॉन ओले झाले की त्याचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. आमच्या बदलापूर-कर्जत भागात पावसाळा चार महिने. एखादा अणकुचीदार दगड रबर कापून गेला आणि त्या चिरेतून पाणी आत मुरले की दोरा आतल्या आत सडे, व दिवाळीच्या सुमारास, कोरड्या रस्त्यावर, टायर अकस्मात फुटे. पावसाळ्यात लागलेल्या चिरेची आठवण तोवर कोणाला राहणार?

नायलॉनला पाण्याचे भय नाही. महायुद्धात विमानांच्या टायरांत ते वापरले गेले आणि पुढे आपल्याकडेही, मद्रासजवळच्या मणलीला १९७४ मध्ये त्याच्या दोऱ्याचा कारखाना निघाल्यानंतर, ट्रकांच्या टायरांतून त्याने रेयॉनला हळूहळू हुसकावले. दगडधोंड्यांच्या रस्त्यांना आणि बेसुमार भाराला ते मानवले. पण त्याची एक खोड आहे. रात्री गरम टायरावर गाडी उभी राहिली की खालचा दबलेला भाग थंड होताना तसाच चपटा राहतो. ‘सकाळी गाडी लंगडत निघे,’ माझे स्नेही सांगतात, ‘धब धब धब करीत उल्हासनगर गाठावे, तोवर टायर गरम होई आणि तिचे पाय सरळ होत.’ नव्या उतारूला वाटे चाक निखळले!

ह्यानंतरचे मोठे स्थित्यंतर म्हणजे रेडियल टायर. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये त्याचा पेटंट घेतला. दोरे तिरपे न चढविता एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे, सरळ लावले आणि वरून पोलादी तारांचा पट्टा बसविला. टायराचे कुशीचे अंग मऊ झाले, रस्त्यावरचे अंग ताठ राहिले, घर्षण व उष्णता घटली. इटलीच्या पिरेलीने हाच पट्टा प्रथम कापडी दोऱ्याचा केला. भारतात पहिला रेडियल जे. के. टायरने १९७७ मध्ये काढला, पण तो सर्वांच्या अंगवळणी पडावयास बरीच वर्षे लागली. त्याची कूस जमिनीपाशी फुगलेली दिसते. जुने चालक ते पाहून ‘हवा कमी आहे’ म्हणत आणि पंपावरचा मुलगा दगडासारखा होईपर्यंत हवा भरी. मग तेच चालक तक्रार करीत की हा नवा टायर फार उडवितो.

वेगवान मोटारींच्या टायरांकडे वळू. त्यांच्या कुशीवर मापाच्या शेवटी एक अक्षर असते. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. ही त्या टायराची कमाल सोशीकता. रस्त्यावर तसे धावण्याचा परवाना नव्हे. इतक्या वेगात चाकाचा घेर केंद्रोत्सारी बळाने वाढू पाहतो आणि पोलादी पट्टा सुटू पाहतो, म्हणून त्याच्यावर नायलॉनचा दोरा फेट्यासारखा गुंडाळतात. तापला की नायलॉन आकसते, आणि लोहाराच्या धावेप्रमाणे आतल्या पट्ट्यास आवळून धरते. जी खोड टॅक्सीवाल्याला जाचत होती ती येथे गुण ठरली. आणि फेट्याखाली, टायराच्या मुख्य अंगात? साध्या मोटारीत आता पॉलिएस्टर असते. पण युरोपातील अतिवेगवान मोटारींच्या व हवा गेल्यावरही काही अंतर चालणाऱ्या टायरांत अजूनही रेयॉन वापरले जाते, कारण भट्टीसारख्या उष्णतेत लांबी न बदलण्याचा त्याचा गुण दुसऱ्या कोणत्याही स्वस्त दोऱ्यात सापडलेला नाही. टायराचे रेयॉन काढणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, आणि त्यांत शहाडच्या कारखान्याची गणना होत आली आहे. उल्हासनगरच्या मालावरील ‘मेड इन यू. एस. ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा विनोद करणाऱ्यांनी हे एकदा ऐकून ठेवावे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि सामान्य घरातील मोटारीला प्रथमच सलग तासभर वेग मिळाला. तोवर आपल्या रस्त्यांनीच टायरांचे रक्षण केले होते. दर दोन किलोमीटरला खड्डा किंवा म्हैस आडवी येई आणि टायराला निवावयास वेळ मिळे. ह्या सिमेंटच्या रस्त्यावर एप्रिल-मेच्या दुपारी टायर फुटून अपघात होऊ लागले तेव्हा लोकांनी दोष उन्हाला दिला, आणि पुष्कळ जण प्रवासापूर्वी हवा कमी करू लागले. ह्याच्याइतका घातक समज दुसरा नाही. कमी हवा म्हणजे अधिक दबणे आणि अधिक तापणे, हे आपण मघाच्या गणितात पाहिले. हवा कंपनीने सांगितलेलीच, आणि तीही गाडी थंड असताना मोजावयाची. जुने ट्रकचालक खोपोलीला चहासाठी थांबत तेव्हा आधी सगळ्या चाकांवरून तळहात फिरवीत. जे चाक इतरांहून गरम लागे त्यात हवा कमी आहे असे निदान होई, आणि ते सहसा चुकत नसे. जून २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या ७०१ किलोमीटरांच्या समृद्धी महामार्गाचे मुंबईकडील टोक भिवंडीजवळ आमणे येथे आहे, म्हणजे ह्या टायरांची खरी परीक्षा आता आमच्या उंबरठ्यापासूनच सुरू होते. टायराच्या कुशीवर लंबगोलात चार आकडे असतात: ३५१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी जुना टायर तेथे नेऊ नये.

द्रुतगती मार्गावर जिंकलेला टायर घराजवळ मात्र हरतो. अंबरनाथ, बदलापूर येथे नव्या वसाहतींत राहणारी तरुण मंडळी रुंद, बुटक्या कुशीचे टायर हौसेने बसवितात. वळणावर ते उत्तम धरतात, ह्यात शंका नाही. ज्यांनी ते वापरले ते सांगतात की गाडी सुकाणूचे ऐकते, डोलत नाही. परंतु कुशीची उंची चार बोटे, आणि कल्याण-बदलापूर रस्त्यावर पावसाळ्यातला खड्डा त्याहून खोल. खड्ड्याच्या धारेवर आदळताना लोखंडी रिम आणि दगड ह्यांच्या चिमट्यात टायराची कूस सापडते. रबर चिरत नाही, हवा जात नाही, गाडी चालत राहते. दोनचार दिवसांनी कुशीवर सुपारीएवढा फुगा दिसतो. टायरवाला त्याला हातही लावीत नाही, ठिगळ मारीत नाही; बदला म्हणतो. मालक हुज्जत घालतो की नक्षी तर नवी आहे. मग तो फेकलेल्या टायरांच्या ढिगातून असाच एक काढतो, फुग्यावर धारदार पाते चालवितो आणि रबर दोन्ही अंगांनी उलगडून दाखवितो. आत दोऱ्यांची ओळ नीट विंचरलेल्या केसांसारखी लागलेली असते, आणि मधोमध आठदहा दोरे तुटून त्यांची टोके मोकळी सुटलेली.