निवृत्त हवालदाराचें दुसरें आयुष्य



नोकरी संपवून घरीं बसलेला मनुष्य आत्मवृत्त लिहूं लागला, म्हणजे बहुधा तो नोकरीचीच हकीकत सांगतो. कोणत्या सालीं कोठें बदली झाली, कोणते साहेब प्रसन्न होते, इत्यादि. आम्ही शिक्षक तर परीक्षांचे निकालही वगळीत नाहीं! परंतु कांहीं माणसांचें सांगण्याजोगें चरित्र निवृत्तीच्या दिवसापासून सुरू होतें. आमच्या महाड तालुक्यांत असा एक पुरुष होऊन गेला. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर.

सावित्रीच्या खोऱ्यांत, महाडापासून वर पोलादपुरापर्यंत, पलटणींत नांव घालणें ही जुनीच रीत. फौजी आंबवडे या गांवाच्या तर नांवांतच फौज आहे. मुंबई लष्करांत महार तरुणांसही शिरकाव होता. गोपाळबाबा त्या वाटेनें गेले, हवालदार झाले आणि १८८६ सालीं निवृत्त होऊन दापोलीस राहिले. तेथील कॅम्पांत निवृत्त शिपायांची वस्ती होती, डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही पुढें कांहीं काळ तेथेंच राहिले. निवृत्तिवेतन घ्यावें, नातवंडें खेळवावीं, जुन्या मोहिमांच्या गोष्टी सांगाव्या, एवढ्यानें कोणाचेंही समाधान झालें असतें.

गोपाळबाबांचें झालें नाहीं. जोतीराव फुले यांच्या विचारांचा संस्कार त्यांच्यावर झालेला होता. ते 'दीनबंधु' पत्रांत लिहूं लागले, आणि १८८८ सालीं त्यांनीं 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. तींत अस्पृश्यतेसंबंधानें उच्चवर्णीयांस २६ प्रश्न विचारले आहेत. या प्रश्नांच्या रूपाकडे आपलें लक्ष वेधावेंसें वाटतें. वर्गांत प्रश्न विचारणारा खुर्चीवर असतो, आणि उत्तर देणारा खालीं उभा असतो. ज्याला समाजानें वर्गाबाहेर ठेविलें होतें, त्यानें परीक्षकाची खुर्ची घेतली. याचना करणें सोपें होतें. तें त्यांनीं केलें नाहीं.

'अनार्य दोषपरिहारक मंडळी' ही त्यांचीच संस्था. पुढें 'लढाऊ जाती' कोणत्या, याविषयींच्या नव्या मतामुळें सरकारनें महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हां १८९४ सालीं या मंडळीच्या नांवें त्यांनीं सरकारासाठीं अर्ज सिद्ध केला. त्यांचें स्वतःचें वेतन चालूच होतें. दार बंद झालें होतें तें पुढच्या पिढीला. तें दार पुष्कळ उशिरां उघडलें. पहिल्या महायुद्धांत १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभी राहिली, ती १९२१ सालीं मोडली, आणि महार रेजिमेंटची स्थापना झाली ती १९४१ सालीं.

१८९५ सालीं महाड तालुका लोकल बोर्डावर गोपाळबाबांची नेमणूक झाली. त्यांच्याबरोबर एका बैठकींत बसणें उच्चवर्णीय सभासदांस रुचलें नाहीं. ज्या कारभारी मंडळींनीं रस्ते आणि विहिरी यांचा विचार करावयाचा, त्यांची मजल बसण्याच्या जागेपुढें जाईना! १९०० सालीं गोपाळबाबा निवर्तले. त्याच महाडांत, २० मार्च १९२७ रोजीं, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं हजारों लोक चवदार तळ्याचें पाणी प्याले.

गोपाळबाबांनीं आत्मवृत्त लिहिलें नाहीं. त्यांनीं तें लिहिलें असतें, तर पलटणीच्या शिस्तींत वाढलेल्या हवालदाराच्या हातीं लेखणी कशी आली, हें त्यांच्याच शब्दांत आपणांस वाचावयास मिळालें असतें. ही उणीव मला फार जाणवते. तिची थोडी भरपाई दुसऱ्या एका महाडकरानें केली आहे. १९२७ च्या महाड परिषदेच्या प्रमुख संयोजकांपैकीं एक, रामचंद्र बाबाजी मोरे, यांचा जन्म १९०३ चा, लाडवली गांवचा. शाळेंत प्रवेश नाकारला गेला, तेव्हां या मुलानें थेट वृत्तपत्राकडे पत्र धाडलें. पुढें ते कम्युनिस्ट चळवळींत गेले, आणि उतारवयांत आठवणी लिहावयास बसले. त्या पुऱ्या झाल्या नाहींत. १९७२ सालीं ते वारले. राहिलेली हकीकत त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनीं लिहिली, आणि तें पुस्तक २००३ सालीं प्रसिद्ध झालें.