ऑर्गेयचा काळा पाषाण

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, बखरी आणि शिलालेख आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु ज्यावर मनुष्याच्या हातचें एकही अक्षर नाहीं असा दगडही साक्ष देऊं शकतो; मात्र त्याची जबानी घेणाऱ्यानें आपला पूर्वग्रह बाजूस ठेवला पाहिजे. फ्रान्समधील ऑर्गेय येथील अशनीची कथा या दृष्टीनें मननीय आहे.

१८६४ सालच्या मे महिन्याच्या १४ तारखेस सायंकाळीं फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत आकाश उजळलें, गडगडाट झाला आणि ऑर्गेय गांवाच्या आसपास सुमारें वीस काळे दगड पडले. ते इतके मऊ होते कीं चाकूनें कापतां येत; पाण्यांत टाकले असतां त्यांचा चिखल होई. अवघ्या पांच आठवड्यांपूर्वीं पाश्चरनें पॅरिस येथें, जीव निर्जीवांतून आपोआप उत्पन्न होत नाहीं, या मताच्या समर्थनार्थ आपलें प्रसिद्ध व्याख्यान दिलें होतें. अशा वेळीं क्लोएझ या रसायनज्ञास त्या दगडांत पीट-कोळशासारखें कार्बनयुक्त द्रव्य आढळलें. मग आकाशांत जीवसृष्टि आहे काय, हा प्रश्न उभा राहणें साहजिकच होतें.

हा प्रश्न नवा नव्हता. १८०६ सालीं फ्रान्समध्येंच अले येथें असाच दगड पडला होता. त्याचें पृथक्करण करून बर्झेलियसनें १८३४ सालीं बजाविलें होतें कीं, असें द्रव्य सांपडलें एवढ्यावरून त्याच्या मूळ स्थानीं सजीव सृष्टि होती असें अनुमान काढतां येत नाहीं. हा संयम पुढील पिढ्यांस नेहमींच साधला असें मात्र नाहीं.

पद्धतशीर वर्गीकरण विसाव्या शतकांत झालें. १९५६ सालीं फिनलंडचा रसायनज्ञ वीक यानें या पाषाणांचे तीन प्रकार पाडले. पहिल्यांत कार्बन शेंकडा सुमारें ३.५ व पाणी २०, दुसऱ्यांत २.५ व १३; तिसऱ्यांत अवघें ०.५ व १. ऑर्गेय पहिल्यांत बसला. खनिजांची साक्षही तीच. ज्या वाटोळ्या कणांवरून 'काँड्राइट' हें नांव पडलें ते काँड्रूल त्यांत जवळजवळ नाहींतच. धातुरूप लोखंडाऐवजीं मॅग्नेटाइट आहे. आणि पुष्कळसा भाग सर्पेंटाइन व सॅपोनाइट या, पाणी धरून ठेवणाऱ्या, मातीसारख्या खनिजांचा आहे. म्हणजे मूळ गोलावर पाण्यानें आरंभींचीं खनिजें पार बदलून टाकिलीं. १९६७ सालीं व्हॅन श्मुस व वुड यांनीं बदलाची ही पायरी आंकड्यानें दाखविण्याची रीत घातली. रासायनिक कुळ अक्षरांनीं दाखवितात. आज ऑर्गेय 'सीआय १' वर्गांत आहे. २०१७ सालीं जयपूरजवळ मुकुंदपुरा येथें पडलेला पाषाण 'सीएम २' ठरला. त्या वर्गांत पाण्याची करणी अपुरी राहिल्यानें कांहीं काँड्रूल शिल्लक असतात.

नवल असें कीं, खनिजें इतकीं पालटलीं तरी ऑर्गेयचें रसायन फारसें पालटलें नाहीं. हायड्रोजनसारखीं सहज उडून जाणारीं मूलद्रव्यें व लिथियम वगळल्यास त्यांतील मूलद्रव्यांचें प्रमाण सूर्याशीं जुळतें.

१९६१ सालीं क्लाउस व नॉज यांनीं ऑर्गेयमध्यें जीवाश्मांसारखे सूक्ष्म आकार असल्याचें जाहीर केलें, आणि जुना वाद पुन्हां पेटला. त्या ओघांत अँडर्स व त्याचे सहकारी यांनीं मोंतोबाँच्या संग्रहालयांत बरणींत बंद असलेला एक तुकडा तपासला. त्यांत खरोखरच बिया निघाल्या. पण त्या फ्रान्समध्यें उगवणाऱ्या लव्हाळ्याच्या! सोबत दगडी कोळशाचे कण होते आणि बाहेरचें कवच सरसानें बनविलेलें होतें. १९६४ सालीं ही लबाडी प्रसिद्ध झाली. कोणीतरी तुकडा ओला करून त्यांत बिया दाबल्या असाव्यात. ज्या मऊपणावरून पाषाणाचें कुळ कळतें, त्याच मऊपणानें फसवणूकही सुलभ केली. करणारा कोण, हें उघडकीस आलेलें नाहीं. त्याचा डाव तसा वायांच गेला. शंभर वर्षें कोणी बरणी उघडून पाहिलेंच नाहीं.

मनुष्याची लबाडी नसली तरी सावधगिरी सुटत नाहीं. ऑर्गेयमधील सल्फेटच्या पांढऱ्या शिरा एके काळीं प्राचीन जलप्रवाहाचा पुरावा मानल्या जात. २००१ सालीं गूनेल व झोलेन्स्की यांनीं दाखविलें कीं, त्या बहुतांशीं पृथ्वीवरील दमट हवेनें, संग्रहालयाच्या कपाटांतच, निर्माण केल्या असाव्यात. बखरींत मागाहून घुसडलेला मजकूर ओळखून वेगळा काढल्यावांचून इतिहासकारास पुढें जातां येत नाहीं. पाषाणाच्या अभ्यासकासही तीच शिस्त पाळावी लागते.