सेंद्रिय, सात्त्विक, हातसडीचं

नाचणीच्या चिप्सचं एक पाकीट घ्या. सांताक्रूझच्या कुठल्याही बऱ्यापैकी दुकानात आता ते मिळतं. त्याच्या दर्शनी बाजूवर शब्दांची दाटी असते: ऑरगॅनिक, प्लँट-बेस्ड, केमिकल-फ्री, क्लीन. मराठीत छापायची वेळ आली की सेंद्रिय, वनस्पतीआधारित, रसायनमुक्त. ‘क्लीन’चं भाषांतर करायच्या भानगडीत कोणी पडत नाही, कारण ‘स्वच्छ नाचणी’ म्हटलं की शेजारच्या बरणीतली नाचणी मळकी ठरते. बनवणाऱ्याला जे मोलाचं वाटतं ते सांगण्यासाठी हे शब्द नेमलेले असतात. पण त्यांच्या कुंडल्या मांडून पाहिल्या तर एकाचीही चाल सरळ नाही.

सेंद्रिय म्हणजे स-इंद्रिय. ज्याला इंद्रियं आहेत ते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, द्रव्यांची वाटणी याच शब्दांनी केली आहे. सेंद्रिय ते चेतन आणि निरिंद्रिय ते अचेतन. त्यावरचा टीकाकार चक्रपाणिदत्त तर वनस्पतींनाही चेतन बाजूला बसवतो आणि सूर्याकडे वळणाऱ्या झाडाचा दाखला देतो. म्हणजे मूळ अर्थाला धरून सेंद्रिय खायचं, तर ज्याला जाणीव आहे असंच काहीतरी ताटात घ्यायचं. चातुर्मास पाळणाऱ्यांना हे सांगायला जाऊ नये.

‘ऑरगॅनिक’च्या मागे ग्रीक ‘ऑर्गानॉन’ आहे, म्हणजे अवजार. शरीराचं अवजार तो ऑर्गन. म्हणून इंद्रिय हा प्रतिशब्द वावगा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या रसायनशास्त्रज्ञांची समजूत होती की सजीवांच्या शरीरात सापडणारे पदार्थ जीवनशक्तीशिवाय तयार होऊच शकत नाहीत. 1828 साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं प्रयोगशाळेत असा एक पदार्थ करून दाखवला आणि त्या समजुतीला तडा गेला. तो पदार्थ होता युरिया. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या बारशाला जेवलेला हा युरिया. आणि आज सेंद्रिय शेतकरी सगळ्यात आधी ज्याला बांधाबाहेर उभं करतो, तोही युरियाच. कॉलेजच्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पुस्तकात तर डीडीटी आणि एंडोसल्फान गुण्यागोविंदानं नांदतात. चिप्सचं पाकीट पॉलिथिनचं असलं तर त्या अर्थानं तेसुद्धा सेंद्रिय.

शेतीतला ‘ऑरगॅनिक’ मात्र वेगळ्या वाटेनं आला. लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी 1940च्या पुस्तकात हा शब्द शेतीला लावला, तेव्हा त्यांच्या मनात रसायनशास्त्र नव्हतं. सगळं शेत मिळून एक सजीव देह, अशी ती कल्पना होती. त्याच्या आधीच इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर रचून खत करण्याची पद्धत बसवत होते. 1931 साली दोघांच्या नावानं त्यावर पुस्तक निघालं. जग ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती ओळखतं, हॉवर्डना चळवळीचा जनक मानतं आणि वाडांचं नाव क्वचितच घेतं. मराठीनं शब्द उचलला तो पाठ्यपुस्तकातला तयार. त्यामुळे ‘शेत म्हणजे एक देह’ हा अर्थ आपल्या सेंद्रियमध्ये पोचलाच नाही, नुसता ‘रसायन नसलेलं’ एवढाच उरला. सरकारी चिन्हावर तर तोही शब्द नाही. 2017च्या नियमांनंतर पाकिटावर येऊ लागलं ते ‘जैविक भारत’. मराठी शेतकऱ्याला जैविक खत म्हटलं की रायझोबियमसारख्या जिवाणूंचं पाकीट आठवतं, शेणखत नव्हे. हिंदीतला जैविक आणि आपला जैविक हे सख्खे भाऊ नाहीत. आणि विदर्भातले सुभाष पाळेकर सेंद्रिय आणि जैविक दोन्ही नावं झिडकारून ‘नैसर्गिक’वर ठाम राहतात, ते वेगळंच.

‘रसायनमुक्त’बद्दल फार बोलायला नको. आयुर्वेदात रसायन म्हणजे वार्धक्य लांबवणारं, शरीराला नवं करणारं औषध. च्यवनप्राश हे त्यातलं घरोघरी पोचलेलं उदाहरण. ‘रसायनमुक्त च्यवनप्राश’ असं कुणी छापलं तर ते ‘दूधमुक्त खरवस’ म्हटल्यासारखं होईल.

खरी गंमत ‘वनस्पती’ची आहे. जुन्या संस्कृत वर्गीकरणात वनस्पती म्हणजे सरसकट झाडझाडोरा नव्हे. फूल न दिसता ज्याला फळ येतं ते झाड म्हणजे वनस्पती: वड, पिंपळ, उंबर. पीक पिकलं की जी वाळून जाते ती ओषधी. नाचणी, तांदूळ, मूग सगळे ओषधीत. तेव्हा काटेकोर माणसानं चिप्सना ‘ओषधिआधारित’ म्हणायला हवं. पण तो आग्रह कोणी धरत नाही आणि धरूही नये. औषधाच्या दुकानात जाऊन बसायचं ते पाकीट.

या शब्दाला मुंबईनं एकदा चांगलंच बदनाम केलं आहे. मुंबईत गाजलेलं पहिलं प्लँट-बेस्ड, पॅकबंद अन्न ऑरगॅनिकवाल्यांनी नाही आणलं. ते आणलं डालडानं. लिव्हरच्या हिंदुस्थान वनस्पती कंपनीचा कारखाना शिवडीला होता आणि 1937 साली तिनं पिवळ्या डब्यावर ताडमाड छापून वनस्पती तूप बाजारात आणलं. वनस्पती तूप आयात करणाऱ्या एका डच व्यापारी पेढीचं नाव होतं ‘दादा’. त्या नावात लिव्हरनं आपला ‘एल’ घुसवला आणि डालडा झालं, अशी त्या नावाची कथा सांगतात. त्या डब्याची सगळी मूल्यं आजच्या पाकिटासारखीच होती: झाडापासून केलेलं, प्राण्याला हात न लावलेलं, बंद डब्यातलं, सगळीकडे एकाच दर्जाचं. तरी बोलण्यात ‘डालडा’ म्हणजे नकली, अस्सलाच्या जागी खपवलेलं. दोन पिढ्यांनी साजूक तुपाच्या आठवणीनं ‘वनस्पती’ हा शब्द नाक मुरडून उच्चारला. आता तोच शब्द ‘आधारित’ची शेपटी लावून अडीचपट भावानं परत आला आहे. त्याला मी दोष देत नाही. पण ज्यांच्या घरात पिवळा डबा नंतर डाळ भरायला वापरला गेला, त्यांना हा शब्द पुन्हा प्रतिष्ठित झालेला पाहून हसू येणारच.

दुधाच्या बाबतीत तर कायदाच मध्ये पडला. सोया किंवा बदामाच्या पेयाला ‘मिल्क’ म्हणू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2021 मध्ये बजावलं आणि प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेलं. व्युत्पत्ती प्राधिकरणाच्या बाजूची आहे. दूध हा शब्द दुग्धपासून, तो ‘दुह्’ म्हणजे दोहणे या धातूपासून, आणि बदामाला कोणी दोहत नाही. पण मराठी स्वयंपाकघर इतकं काटेकोर कधीच नव्हतं. रुईच्या पानातून गळतो तो चीक, व्यालेल्या म्हशीचं पहिलं दूध तोही चीक, आणि गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून कुरडयांसाठी खाली बसतो तोही चीकच. झाड, जनावर आणि धान्य तिघांना एकच शब्द. हा भेद आपल्या आज्यांनी पाडलाच नव्हता.

‘व्हीगन’ हा शब्द मात्र अगदी अलीकडचा, जन्मतारीख माहीत असलेला. नोव्हेंबर 1944 मध्ये इंग्लंडात डोनल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी ‘व्हेजिटेरियन’चं डोकं आणि शेपूट जोडून तो केला. त्याच वर्षी मे महिन्यात गांधीजी आगाखान पॅलेसमधून सुटून, सांताक्रूझला लागूनच असलेल्या जुहूला, समुद्रकाठी विश्रांतीला आले होते. दक्षिण आफ्रिकेत 1912 साली त्यांनी दूध सोडलं होतं. पुढे आजारपणात, ‘व्रत गाईम्हशीच्या दुधाचं, शेळीचं नव्हे’ हा कस्तुरबांचा तोडगा त्यांनी मान्य केला, आणि तो जन्मभर मनाला लागून राहिला. दुधाची जागा घेईल असा वनस्पतीतला पदार्थ कुणाला ठाऊक असेल तर सांगा, असं आवाहन त्यांनी आत्मकथेत केलं आहे. शब्द हाताशी नसताना वृत्ती पूर्ण होती.

‘सात्त्विक’ हा सांताक्रूझचा खास शब्द म्हणता येईल. श्रीयोगेंद्रांनी 1918 साली वर्सोव्याला सुरू केलेली योग इन्स्टिट्यूट पुढे सांताक्रूझ पूर्वेला आली आणि तिच्यामुळे योगाबरोबर सात्त्विक आहाराची भाषाही या भागात रुजली. आता पाकिटंही स्वतःला सात्त्विक म्हणवतात. गीतेचा सतरावा अध्याय मात्र इथे आडवा येतो. तामस अन्नाच्या यादीत तिथे पहिला शब्द आहे ‘यातयाम’, म्हणजे शिजवून प्रहर उलटून गेलेलं. ‘बेस्ट बिफोर नऊ महिने’ असं छापलेल्या सात्त्विक उपम्याचं काय करायचं, हे गीतेवरच्या कोणत्या भाष्यात सापडेल असं वाटत नाही.

इतकं झाल्यावर माझं मन कोणत्या शब्दांकडे वळतं ते सांगतो. 1934 साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. त्यांनी ज्यांचा आग्रह धरला त्या वस्तूंची नावं पाहा: हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल. सद्गुणाचा दावा एकाही नावात नाही. हातानं सडला, घाणीवर गाळलं, एवढंच. खोटं असलं तर जाऊन पाहता येतं. ‘शुद्ध’, ‘सात्त्विक’, ‘क्लीन’ यांना कुठे जाऊन पाहणार? आजचं ‘कोल्ड प्रेस्ड’ खरं तर याच घराण्यातलं आहे, पण ‘लाकडी घाण्याचं’ म्हटलं की लाकूडही कळतं आणि घाणाही.

सांताक्रूझ पूर्वेच्या कोलेकल्याणात आणि कलिन्यात राहणाऱ्या ईस्ट इंडियन कुटुंबांनी तर त्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध मसाल्याला आतल्या पदार्थांचंही नाव दिलेलं नाही. बॉटल मसाला. पावसाळ्याआधीच्या उन्हात मिरच्या आणि पंचवीस-तीस जिन्नस वाळवायचे, भाजायचे, उखळात कुटायचे आणि गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायचे, म्हणजे उजेड लागत नाही आणि वर्ष निघतं. वनस्पतीआधारित, पॅकबंद, घरगुती. नाव मात्र बाटलीचं. या मसाल्यातली मिरची पोर्तुगीजांबरोबर आली आणि आपण तिला मिऱ्यावरून नाव दिलं. व्हीगन चीज ज्यावर चालतं तो काजूही त्यांच्याच ‘काजु’वरून, आणि त्यांनी तो ब्राझीलच्या तुपी लोकांकडून घेतलेला. सांता क्रूझ म्हणजे पवित्र क्रूस, आणि मराठीतला क्रूसही त्याच ‘क्रूझ’मधून उतरलेला. ‘शंभर टक्के देशी’ छापणाऱ्यांनी आधी आपल्या पाकिटावरचा पत्ता वाचावा.

राहिलं ‘मूल्य’. पाकिटाच्या मागे ‘आमची मूल्ये’ असा एक परिच्छेद असतो आणि त्याच्याखाली हिंदीत ‘अधिकतम खुदरा मूल्य’. मराठीनं भावासाठी अरबीतून ‘किंमत’ घेतली आणि मूल्य बरंचसं आदर्शांसाठी मोकळं केलं. हिंदीत दोन्ही कामं एकच शब्द करतो. पाणिनीकडे या शब्दाचा पत्ता दोन ठिकाणी लागतो, तोही चौथ्या अध्यायाच्या एकाच पादात. एका सूत्रात मूल म्हणजे भांडवल आणि त्यावरून मूल्य म्हणजे किंमत. त्याच्या जरा आधीच्या सूत्रात मूल म्हणजे साधं झाडाचं मूळ, आणि जे पीक मुळासकट उपटून काढायचं असतं ते ‘मूल्य’. टीकाकार उदाहरणं देतात ती उडदाची आणि मुगाची. तेव्हा मुगाच्या पाकिटावर ‘आमची मूल्ये’ असं छापणारा व्याकरणाच्या दृष्टीनं तरी खोटं बोलत नाही. आत मूगच असतात.