बॅकला उभा राहिलेला माणूस



लहानपणी आमच्या मोहल्ल्यातल्या मैदानावर फुटबॉलचा डाव मांडला की एक गोष्ट ठरलेली असायची. ज्याला नीट पळता येत नाही, ज्याच्या पायात चेंडू टिकत नाही, त्याला मोठी पोरं सांगत, “तू जा, बॅकला उभा राहा.” मी बहुतेक वेळा बॅकलाच असे. पुढे गोल झाला की सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत, आणि मी लांबून टाळ्या वाजवी. आपल्या बाजूला गोल चढला की मात्र सगळ्यांना माझी आठवण होई. बॅकचं हे दुःख मला फार लवकर कळलं. त्याने दहा वेळा चेंडू अडवला तर कोणी मोजत नाही, अकराव्या वेळी चुकला की सगळे मोजतात.

म्हणूनच आज मी तुम्हाला एका बॅकची गोष्ट सांगणार आहे. त्याचं नाव जर्नेलसिंग. पंजाबीत जर्नेल म्हणजे सेनापती. १९६०च्या दशकात आशियातल्या सर्वोत्तम बचावपटूंमध्ये त्याचं नाव घेतलं जाई. आज आपल्या मुलांना युरोपातल्या क्लबांच्या बचावफळीतले चारही खेळाडू तोंडपाठ असतात. जर्नेलसिंग विचारला तर मात्र घरात शांतता पसरते. यात मुलांचा दोष नाही. आपणच त्यांना कधी सांगितलं नाही.

जर्नेलसिंगचा जन्म १९३६ सालचा, लायलपूर जिल्ह्यातला. हे लायलपूर म्हणजे आजच्या पाकिस्तानातलं फैसलाबाद. इंग्रजांनी त्या रखरखीत मुलखात कालवे काढले आणि पूर्व पंजाबातली शेतकरी कुटुंबं तिथे नेऊन वसवली. त्या कुटुंबांनी जमिनी फोडल्या, गहू-कापूस पिकवला, मुलंबाळं वाढवली. मग १९४७ साल आलं. कागदावर एक रेघ ओढली गेली आणि लायलपूर पलीकडे गेलं. जर्नेल तेव्हा अकरा वर्षांचा होता. लाखो लोक इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले. वाटेत काय काय झालं ते मी या सकाळच्या वेळी सांगत बसत नाही. दोन्हीकडच्या घरांत ते अजून कुजबुजत सांगितलं जातं. जर्नेलचं कुटुंब लायलपूर सोडून होशियारपूर जिल्ह्यातल्या पनाम नावाच्या गावी आलं.

विस्थापित मुलाकडे काय असतं? घर मागे राहिलेलं, शेत मागे राहिलेलं, सवंगडी मागे राहिलेले. पण होशियारपूरच्या त्या भागात फुटबॉल होता. जवळच्या माहिलपूर गावाला पंजाबात फुटबॉलचं गाव म्हणूनच ओळखतात. तिथल्या खालसा कॉलेजात जर्नेल शिकला आणि खेळला. तिथून त्या वेळच्या प्रत्येक गुणी फुटबॉलपटूप्रमाणे त्याने कलकत्त्याचा रस्ता धरला. १९५९ साली तो मोहन बागानमध्ये दाखल झाला आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं त्या क्लबाचाच राहिला.

त्या काळात आपल्याकडे फुटबॉल हा कागदोपत्री धंदा नव्हता. राष्ट्रीय पातळीवरची लीग सुरू व्हायला १९९६ साल उजाडावं लागलं. खेळाडू रेल्वेत, कस्टममध्ये, कारखान्यात नोकरी करत आणि संध्याकाळी मैदानावर उतरत. पण कलकत्त्याच्या मैदानात हजारो माणसं तिकीट काढून येत आणि हरल्यावर घरी जेवत नसत. त्यांच्यासमोर खेळणाऱ्याला हौशी कसं म्हणायचं? कराराचा कागद नव्हता एवढंच. बाकी सगळी जबाबदारी व्यावसायिकाचीच होती.

जर्नेल खेळायचा स्टॉपरच्या जागी, म्हणजे बचावफळीच्या अगदी मध्यावर. धिप्पाड देह, डोक्यावर पंजाबी पद्धतीने बांधलेला केसांचा बुचडा, आणि चेंडू हिसकावून घेताना जराही कच न खाणारा. त्याच्या काळात मोहन बागानने १९६३, १९६४ आणि १९६५ अशी सलग तीन वर्षं ड्युरँड चषक जिंकला. कलकत्ता लीग तर १९६२ ते १९६५ अशी ओळीने चार वेळा जिंकली. चुनी गोस्वामींच्या पायातली जादू बघायला लोक येत, आणि ते बरोबरच होतं. पण पुढच्या माणसाला जादू करायला मोकळीक हवी असेल, तर मागे कोणीतरी पाय रोवून उभं असावं लागतं.

१९६० साली तो रोमच्या ऑलिंपिकला गेला. तिथे भारत हंगेरीशी १-२ असा हरला, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली आणि पेरूशी १-३ अशी हार झाली. स्पर्धेतून आपण बाहेर पडलो, पण हंगेरी-फ्रान्ससारख्या संघांपुढे आपली माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली, हे जगाने पाहिलं.

या संघाचे गुरू होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. मुळात शाळामास्तर. खेळाडू त्यांना रहीमसाहेब म्हणत. १९५१ साली दिल्लीतल्या पहिल्या आशियाई खेळांत भारताला फुटबॉलचं सुवर्ण मिळालं, तेही त्यांच्याच हाताखाली. ब्राझीलमुळे जगभर नावाजलेली चार-दोन-चार ही मांडणी त्यांनी आपल्या संघात रुजवली. या मांडणीत मागे चार माणसं राहतात आणि त्यातल्या मधल्या दोघांवर सगळा भार येतो. त्या दोघांत एक होता अरुण घोष आणि दुसरा जर्नेलसिंग.

आता १९६२ सालच्या जकार्ताकडे वळू. ऑगस्टअखेर तिथे आशियाई खेळ सुरू झाले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असं हरवलं. पुढे थायलंडशी गाठ पडली. तो सामना आपण ४-१ असा जिंकला, पण जर्नेलच्या डोक्याला जबर मार लागला आणि टाके पडले. जपानविरुद्धचा सामना त्याच्याविना खेळावा लागला. तोही भारताने २-० असा जिंकला.

उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी होता. डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलला बसवावं की खेळवावं? बचावफळी त्याच्याविनाही टिकते, हे जपानविरुद्ध दिसलं होतं. रहीमसाहेबांनी वेगळाच विचार केला. त्यांनी त्याला मागे न ठेवता सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढे पाठवलं. कॉलेजच्या दिवसांत तो त्या जागी खेळला होता, हे मास्तरांच्या ध्यानात होतं. चांगल्या मास्तरला आपल्या विद्यार्थ्याच्या जुन्या वह्याही आठवतात, तसंच हे. भारताने तो सामना ३-२ असा जिंकला. चुनीने दोन गोल केले आणि एक जर्नेलने.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला होता, समोर पुन्हा तोच दक्षिण कोरिया. पण त्या दिवशी भारताचा सामना फक्त कोरियाशी नव्हता. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश दिला नव्हता. आशियाई खेळांच्या संस्थापकांपैकी एक असलेले आपले गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतला. असं असेल तर या स्पर्धेला आशियाई खेळ म्हणू नये, अशी त्यांची भूमिका होती. जकार्तातले लोक खवळले. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला.

त्या संघातल्या खेळाडूंनी पुढे आपल्या आठवणींत सांगितलंय, की मैदानाकडे जाताना संघाच्या बसवर तिरंगा लावायची सोय नव्हती. जर्नेलसिंग आणि त्रिलोकसिंग या दोघा शिखांना बसमध्ये खाली बसून जावं लागलं, कारण त्यांना बघताक्षणी ही भारताची बस आहे हे कोणालाही ओळखू आलं असतं. श्रोतेहो, क्षणभर विचार करा. पंधरा वर्षांपूर्वी जो मुलगा आपल्या कुटुंबाबरोबर जीव मुठीत धरून मुलूख सोडून आला, त्याला सव्वीसाव्या वर्षी, देशासाठी खेळायला जाताना, पुन्हा एकदा आपली ओळख लपवून प्रवास करावा लागला. त्याच्या मनात तेव्हा काय आलं असेल? मी कवी आहे, मला कल्पना करण्याची सवय आहे. पण इथे मी ती करत नाही. काही ठिकाणी कवीनेही गप्प बसावं.

सेनायानच्या त्या स्टेडियममध्ये लाखभर प्रेक्षक होते. भारताचं राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा त्यांनी हुर्यो उडवली. आणि आता मी जे सांगणार आहे, ते पी. के. बॅनर्जींसारख्या खेळाडूंनी आयुष्यभर सांगितलं. त्या गर्दीत एक छोटासा घोळका भारताच्या नावाने ओरडत होता. तो होता पाकिस्तानच्या हॉकी संघाचा. याच स्पर्धेत हॉकीच्या अंतिम सामन्यात त्यांनी भारताला २-० असं हरवलं होतं. सुवर्णपदक खिशात घेऊन ते फुटबॉल बघायला आले, आणि सगळं मैदान आपल्या विरोधात असताना आपल्या बाजूने उभे राहिले.

सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला. विसाव्या मिनिटाला दुसरा झाला. तो डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलसिंगचा. लायलपूरहून उखडून आलेल्या मुलाने गोल केला आणि लायलपूर ज्या देशात गेलं, त्या देशाच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी शेवटी कोरियाने एक गोल फेडला, पण तोवर उशीर झाला होता. २-१. सुवर्णपदक भारताचं.

तो संघही बघण्यासारखा होता. गोलात पीटर थंगराज. बंगालचे चुनी, पी. के., अरुण घोष. हैदराबादकडचे बलराम आणि युसूफ खान. केरळचा चंद्रशेखर. मधल्या फळीत फोर्तुनातो फ्रँको, मूळचा गोव्यातल्या कोलवाळचा आणि मुंबईत टाटांच्या संघातून खेळणारा. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आणि या सगळ्यांना बांधणारा हैदराबादचा एक मुसलमान शाळामास्तर. त्याने नावं, आडनावं, भाषा बघितल्या नाहीत. कोण कुठे उभा राहिला तर संघ उभा राहील, एवढंच बघितलं. कर्करोगाने पोखरलेले रहीमसाहेब पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये गेले. त्यांच्यावर २०२४ साली हिंदी चित्रपट आला, तेव्हा कुठे नव्या पिढीला त्यांचं नाव कळलं.

जर्नेलला १९६४ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. १९६५ ते १९६७ या काळात तो भारताचा कर्णधार होता. आशियातल्या निवडक खेळाडूंच्या संघाचं नेतृत्वही त्याच्याकडे आलं. खेळ थांबल्यावर तो पंजाबला परतला, क्रीडा खात्यात अधिकारी झाला. ऑक्टोबर २००० मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात त्याचं निधन झालं. लायलपूर, पनाम, कलकत्ता, व्हँकुव्हर. एका माणसाच्या आयुष्यात किती गावं!

पी. के. आणि चुनी २०२० साली गेले, फ्रँको आणि चंद्रशेखर २०२१ मध्ये, बलराम २०२३ मध्ये. जकार्तातल्या त्या दुपारचे साक्षीदार एकेक करून उठून जात आहेत. १९६२ नंतर आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला पुन्हा मिळालेलं नाही.

मला एक गोष्ट मात्र राहून राहून टोचते. जर्नेलचं नाव निघालं की आपणही त्याच्या जकार्तातल्या दोन गोलांबद्दलच बोलतो. मीसुद्धा आज तेच केलं. पण ते दोन गोल म्हणजे त्याच्या कारकिर्दीतले चार दिवस. बाकीची सगळी वर्षं तो मागे उभा होता. येणाऱ्याला अडवत होता, पडत होता, उठत होता. त्याने न होऊ दिलेल्या गोलांची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आपल्या समाजातही अशी माणसं असतात. गल्लीत अफवा पसरली की दारात उभा राहून पोरांना घरी पाठवणारा म्हातारा असतो. दोन घरांतलं भांडण चौकात येऊ न देणारी बाई असते. जे घडलं त्याची बातमी होते. त्यांनी जे घडू दिलं नाही, ते पेपरात येत नाही. आपण शांतपणे झोपतो, ते अशा बॅकला उभ्या राहिलेल्या माणसांच्या भरवशावर.

म्हणून आज संध्याकाळी मुलं मैदानावर निघाली, आणि त्यातला एखादा हिरमुसून म्हणाला, “मला बॅकला उभं करतात,” तर त्याला जवळ बसवा आणि जर्नेलसिंगची गोष्ट सांगा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)